कापेना वेशीवर

अख्ख्या रोमची तोंडं फिलेरोसला पाठ होती, आणि आता तीच त्याच्या जिवावर उठली होती.

वीस वर्षं तो आपल्या धन्याच्या, क्लुविअसच्या, मागे एक पाऊल ठेवून चालत आला होता. निवडणूक जवळ आली की धनी खडूने पांढराफेक केलेला टोगा नेसून चौकात उतरायचा. समोरून कुणी आलं की फिलेरोस मागून कुजबुजायचा: हा अमका, कातडी कमावतो, लेकीचं लग्न ठरलंय. की लगेच धनी त्याच्या गळ्यात पडलाच म्हणून समजा! एवढा मोठा माणूस आपल्याला नावाने ओळखतो म्हटल्यावर कोण मत देणार नाही? आपल्याकडची मोठी माणसं अशीच मोठी होतात, गुलामाच्या डोक्यावर.

पण या वर्षी मतांची वेळच आली नाही. क्लुविअसचा जुना वैरी नुमिसिअस थेट फौज घेऊन शहरात शिरला. दुसऱ्याच दिवशी चौकात पांढऱ्या फळ्या लागल्या. फळीवर ज्याचं नाव, त्याचं मुंडकं कुणीही कापावं. पहिलंच नाव क्लुविअसचं. तो त्याआधीच गायब झाला होता.

पंचाईत एकच होती. शिपाई सगळे उत्तरेच्या छावणीतले, त्यांना इथलं काळं कुत्रंही ओळखू येत नव्हतं. म्हणून त्यांनी फिलेरोसला मुदपाकखान्यातून ओढून काढलं आणि कापेना नावाच्या वेशीवर, बाहेर जाणाऱ्यांची तोंडं ओळखायला, उभं केलं.

त्यांचा नायक पहिल्याच सकाळी म्हणाला होता, "हे बघ, तुझी बायको आमच्या ताब्यात आहे. यादीतला एक जरी इथून निसटला, तर तिला खांबावर खिळेन. कळलं?"

कळलं होतं. न कळायला काय झालं! दोन दिवसांत फिलेरोसने तिघांची नावं सांगितली. तिघांना वेशीमागे नेलं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रत्येक नावाबरोबर त्याला वाटायचं, आपली बायको, ख्रेस्ते, अजून एक दिवस जगली. आणि मग स्वतःचीच किळस यायची.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक खेचरवाला शहराबाहेर पडणाऱ्यांच्या रांगेत आला. अंगावर मळकं घोंगडं, दाढी वाढलेली, पायांना चिखल. फिलेरोसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो धनी होता.

"हा कोण?" नायकाने विचारलं.

 फिलेरोसच्या डोळ्यांसमोर ख्रेस्तेचा चेहरा आला. पण समोर वीस वर्षांचा धनी उभा होता, उन्हावाऱ्यात रापलेला, म्हातारा झालेला. जीभ आपसूक वळली.

"सोसिअस. अरिकिआ गावचा खेचरवाला."

"जा रे, हो पुढे."

सुटला! हे आपण काय करून बसलो, असं फिलेरोसला झालं. धनी त्याच्या अगदी अंगावरून पुढे निघाला. तेवढ्यात खेचर बिचकलं आणि समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाटीला धडकलं. अंजिरं रस्ताभर झाली.

"डोळे फुटले का रे तुझे?" म्हातारा खेकसला.

खराखुरा खेचरवाला असता तर त्याने उलट दोन शिव्या हासडल्या असत्या. क्लुविअसने मान किंचित डावीकडे कलती केली आणि कान मागे, फिलेरोसकडे, दिला. वीस वर्षांची सवय. आणि फिलेरोस? त्याच्याही तोंडून, त्याला कळायच्या आत, कुजबूज निघून गेली.

"स्तातिअस. अंजीरवाला. बायकोचा गुडघा धरलाय."

क्लुविअसने म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले. "माफ कर बाबा, स्तातिअस! वहिनींचा गुडघा कसा आहे आता?"

स्तातिअसचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं आई! क्लुविअससाहेब, तुमच्या लक्षात आहे होय?" आणि मग त्याचं त्यालाच उमगलं. त्याने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता.

नायक सावकाश जवळ आला.

"गंमतच आहे," तो म्हणाला. "तुझा सोसिअस, याचा क्लुविअस. एकदाच विचारतो. म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणालास, तर या खेचरवाल्याला बांधून नुमिसिअसच्या वाड्यावर नेईन. तिथे ओळखणारे खूप आहेत. आणि तू खोटा निघालास तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. आत्ता खरं सांगितलंस, तर मघाचं मी ऐकलंच नाही."

फिलेरोसने धन्याकडे पाहिलं. धन्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तो ताठ उभा राहिला.

"सांगून टाक, फिलेरोस," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं तर झालंच आहे."

"क्लुविअस," फिलेरोस म्हणाला. शहरातली हजारो नावं त्याने त्या कानात सांगितली होती. हे एक कधी सांगावं लागलं नव्हतं. त्याला हुंदका फुटला.

शिपायांनी क्लुविअसचे हात मागे बांधले. जाता जाता तो थांबला. मरायला निघालेला माणूस, तरी गुलामाची आठवण झाली त्याला. फिलेरोसला वाटलं, याच्या पायांवर लोळण घ्यावी.

"आणि तुझी ती... ती बायको," क्लुविअस म्हणाला. "ती सुटेल ना आता?" तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. ते काही त्याला आठवेना.

"ख्रेस्ते, धनी," फिलेरोस म्हणाला. "अकरा वर्षं तुमच्या घरातला पाव तीच भाजते."

"हां, तीच," धनी म्हणाला, आणि त्यांनी त्याला वेशीमागे नेलं.