गाळलेलं पेट्रोल

रामधनची गाडी म्हणजे बंजाऱ्यांच्या त्या तांड्यातली एकुलती एक मोटार. पांढरी, जुनी, पेट्रोलवर चालणारी. तांड्याने तिचं नाव ठेवलं होतं बगळी. नवरदेव असो की बाळंतीण, बगळीवाचून कुणाचं पान हलत नसे. पण रामधनने ती घेतली होती बायकोसाठी. जमनीला दमा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिचा श्वास असा अडायचा की आर्णीचे डॉक्टर हात वर करून म्हणायचे, यवतमाळला न्या. गाडी दारात उभी दिसली की रामधनला झोप लागायची, एवढीच त्याची चैन.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणत सगळ्या तांड्याने कापूस घरात भरून ठेवला. रामधनच्या झोपायच्या खोलीतही पार आढ्यापर्यंत ढीग लागला. दमेकरी बाईच्या उशाशी कापूस! पण दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? भाव पाडणाऱ्यांच्या घरी काही कापूस झोपायला जात नव्हता.

नेमकी त्याच वेळी बगळी अडखळू लागली. उभी असताना इंजीन गुमान चालायचं, सपाटीवरही तक्रार नसायची. पण चढ लागला आणि रामधनने ॲक्सिलेटर दाबला की गचके खाऊन मान टाकायची. आर्णीच्या धम्मरत्न मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट घासले, टायमिंग पाहिलं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणारी बारीक तोटी, काढून फुंकला की बाईसाहेब आठवडाभर शहाण्यासारख्या वागत, आणि पुन्हा तेच रडगाणं.

"बिमारी सापडूनच नाई राह्यली, रामधनभाऊ," धम्मरत्न शेवटी म्हणाला. "पेट्रोलात कचरा येत असन. गाळून टाकत जाजो."

हा सल्ला जमनीने उचलला. डॉक्टरांनी तिला शेताची बंदी केली होती. बाकीच्या बाया वेचायला निघाल्या की ती ओट्यावर बसून चरफडायची. आता तिच्या हाताला काम मिळालं. गाडीला आपली गोरमाटी बोली कळत नाही, असं तिचं ठाम मत, म्हणून बगळीशी ती वऱ्हाडीतच बोलायची. "थांब वं माय, तुले सोजळ गाळून पाजतो," म्हणत ती चांगला पांढराशुभ्र कापूस निवडायची, सरकी काढून पिंजायची आणि नरसाळ्यात बसवायची. वरून रामधन कॅनमधलं पेट्रोल ओतायचा. गाडीने जास्त त्रास दिला की जमनी कापूस जास्त लावायची. दोघांचंही बगळीवर पोटच्या लेकरासारखं प्रेम होतं.

थंडीतल्या एका सकाळी जमनी उठली ती ओठ निळे पडूनच. आर्णीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि यवतमाळला पिटाळलं. अँब्युलन्स दुसऱ्याच गावी गेलेली. रामधनचा चेहरा पाहून धम्मरत्न अवजारांची पिशवी आणि पेट्रोलची बाटली घेऊन न बोलावता पुढे बसला. जमनी मागच्या सीटवर उशांना टेकून धापा टाकत होती.

जंगलातल्या चढावर बगळीने मान टाकली.

एक मोटारसायकलवाला थांबला, पण धड बसताही न येणारी बाई तो कशी नेणार? दुसरं वाहन दिसेना. रामधन बॉनेटला हात लावून उभा राहिला. त्याला देव आठवेना, शिवी आठवेना, काहीच आठवेना.

धम्मरत्नने या वेळी लगेच जेट फुंकला नाही. कार्बोरेटरची वाटीच उघडली आणि तळाचं पेट्रोल तळहातावर घेतलं. काही दिसेना.

"साफ हाये," तो पुटपुटला.

"साफ हाये, तं मग काहून नाई चालत?" रामधन ओरडला.

तेवढ्यात हातावरचं पेट्रोल उडालं. ओलेपणी अजिबात न दिसणारे तंतू वाळून पांढरे झाले, फुलले. धम्मरत्न डोळे फाडून पाहत राहिला. "कापूस? भाऊ, तुम्ही काहानं गाळता?"

रामधनने मागच्या सीटकडे पाहिलं.

"काय... निंगालं?" मागून जमनीने विचारलं.

"कचरा," रामधन म्हणाला. "पेट्रोलच खराब हाये."

"मंग बरं... कापूस लावत व्हतो," जमनी म्हणाली. "नाई तं... अजून गेला असता."

"हो नं," रामधन म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

धम्मरत्नने वाटी आणि जेट साफ केले, टाकीची नळी काढून आपल्या बाटलीतलं पेट्रोल जोडलं. बगळी एका झटक्यात सुरू झाली आणि उरलेला चढ तिने एकही गचका न देता पार केला. वर आल्यावर मागची धाप थांबली. जमनीला जरा आराम पडून डोळा लागला, असं रामधनला वाटलं. आवाजाने तिला जाग येऊ नये म्हणून त्याने हॉर्नही वाजवला नाही. दवाखान्यात दार उघडलं तेव्हा तिचा हात खाली लोंबत होता.

संध्याकाळी तिला त्याच गाडीतून परत आणलं. धम्मरत्न वाटभर रडत होता. "म्या दरवेळी फुंकून टाकलं, भाऊ. पह्यल्याच दिवशी हातावर घेतलं असतं तं दिसलं असतं. चूक माही हाये. तांड्यात मीच सांगतो, काय निंगालं ते."

तांडा जवळ आला. बायका रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. रामधनने गाडी थांबवली आणि धम्मरत्नचा हात धरला.

"कोणालेच नको सांगजो," तो मागे पाहत, हळू आवाजात म्हणाला. "जमनीले समजन."