झील धरायला जागा

माझे वडील मोतीराम मिशनचे प्रचारक होते आणि सिनेमाच्या चालींवर येशूची भजनं रचायचे. मलकापुरात तंबूचा सिनेमा आला की ते तंबूबाहेर उभे राहून गाणी ऐकत आणि चाल गुणगुणत बुलढाण्याला परतत. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नसे. नाचणाऱ्या बाईच्या चालीवर प्रभूचं नाव घेता, असं ते विचारत. बाबा म्हणत, "बाजारातला माणूस आपल्या चर्चातल्या चालीवर थांबते का? त्याच्या कानाले ओळखीचं काही पाह्यजे. थांबला, तर मंग पुढचं देव पाहीन."

बाबा बाजारात गायला उभे राहिले की माणसं थांबत. चालीवर मान डोलवत, आणि येशूचं नाव आलं की पिशवी उचलून पुढच्या दुकानाकडे वळत. बाबांना त्याचं फार वाईट वाटत नसे. खरं तर त्यांना एकच माणूस थांबायला हवा होता.

तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे कारभारीकाका. धामणगाव बढ्याला दोघं मारुतीच्या देवळात भजन म्हणत मोठे झाले. बाबा ओळ म्हणायचे आणि काका झील धरायचे. ओळ संपली की ती मागून उचलायची आणि पुढे न्यायची, हे झीलकऱ्याचं काम. बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि भजनही टाकलं. बाबा गात राहिले, पण त्यांनी दुसरा झीलकरी घेतला नाही. ओळ म्हणून झाली की ते थांबत. त्या थांबण्यात कुणीच गात नसे. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होई. मिशनचे पेटीमास्तर वैतागत. बाबा म्हणत, "राहू द्या, मास्तर. जागा आहे त्याची."

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी मुंबईच्या रेडिओवर नाताळच्या आठवड्यात मराठी ख्रिस्ती भजनांचा छोटा कार्यक्रम ठरला आणि कुणा ओळखीच्या पाद्रीसाहेबांनी बाबांचं नाव सुचवलं. बाबा तेव्हा खोकत होते. मी जाऊ नका म्हटलं. ते म्हणाले, "कारभारी माह्या बाजारात येत नाही. पण रहेमतुल्लाशेठच्या दुकानात तर रोज बसते. अन् तिथं रेडू आहे." मला त्यांनी धामणगावला पाठवलं. एवढंच पाहून यायचं होतं, काकांनी झील धरली का.

रहेमतुल्लाशेठ सरकीचे व्यापारी. छपरावर बांबूला तार बांधून आणि मोटारीच्या बॅटरीवर त्यांनी रेडिओ चालवला होता. दिवेलागणीला दुकान भरलं. शेठच्या घरच्या गौसियाचाचींनी मला पडद्याआड आपल्याजवळ बसवलं. पडद्याच्या फटीतून सरकीच्या पोत्यांवर टेकलेले काका दिसत होते.

"आपला मोतीराम येवढ्याशा डब्यात मावला कसा, शेठ?" कडूबा तेली म्हणाला.

"तू तेलाच्या डब्यात मावतो, तसा. चूप बैस."

कडूबा काकांकडे वळला. "कारभारी, तू काऊन आला बे? तुले तर भावाचं नाव चालत नाही!"

"मी कपाशीचा भाव आयकाले आलो," काका म्हणाले. "घर सोडलं त्यानं. मी कायले आयकू?"

निवेदकानं बाबांचं नाव घेतलं. घरघरीतून बाबांचा आवाज आला. चाल त्या वर्षीच्या एका बोलपटातली होती, कडूबा मांडीवर ताल धरू लागला. 'वाट पाहे बाप दारी' ही ओळ बाबांनी दोनदा म्हटली. मग ते थांबले. पुढचे शब्द होते 'ये घरी रे, ये घरी', ते झीलकऱ्याचे, आणि बाबांनी स्वतः कधीच म्हटले नव्हते.

मी काकांकडे पाहत होते. त्यांची मान वर झाली. त्यांनी श्वास भरून घेतला, अगदी पोटातून, आणि तोंड उघडलं.

"इसरला!" कडूबा ओरडला. "मुंबईले जाऊन मोतीराम गाणं इसरला!"

दुकानभर हसू फुटलं. शेठ सगळ्यांना दटावत होते. काकांनी तोंड मिटलं आणि तेही थोडं हसले, बाकीचे हसत होते म्हणून. कडवं म्हणून बाबा पुन्हा ओळीवर आले, पुन्हा थांबले. पण एवढ्यात मुंबईच्या पेटीवाल्याला गवई अडखळतोय असं वाटलं असावं. त्यानं चांगल्या मनानं ती जागा पेटीनं भरून काढली. शेवटपर्यंत भरत राहिला. काका उठले, वहाणा पायात सरकवल्या आणि गेले.

बाबा परतले ते ताप घेऊनच. गाडीतून उतरताच त्यांनी विचारलं. मी पाहिलं तेवढं सगळं सांगितलं.

"तोंड उघडलं होतं?"

"हो, बाबा."

"श्वास घेतलता?"

"घेतला होता."

"मंग आलाच होता तो," बाबा म्हणाले. "लोकं हसले नसते तर आलाच होता." तुरी घरात आल्या की आपणच धामणगावला जाऊ, देवळाबाहेर उभं राहून गाऊ, असं ते म्हणत राहिले. त्या तापातून ते उठले नाहीत.

मी शेठच्या गाडीवानाबरोबर निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले तेव्हा बाबांना शवपेटीत ठेवलं होतं आणि अंगणात मंडळी गीत म्हणत होती. साहेबांच्या देशातली चाल, संथ, पुस्तकातून. सगळे एकाच वेळी गातात, कडव्यामागून कडवं, मध्ये कुठे फट नाही. काका पागोटं हातात घेऊन ओट्याच्या कडेला उभे होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची मान किंचित वर होत होती आणि पुढची ओळ लगेच सुरू होत होती.

गीत संपलं. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली. पेटी उचलायच्या आधी काका माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"कोकिळे, यात मी कुठं धरू?"

अंगणातली माणसं आमच्याकडे पाहत होती. मी बाबांच्या पेटीजवळ गेले. ते गाणं मला अख्खं येत होतं. सूर लागला, 'वाट पाहे' एवढं स्वच्छ निघालं. पुढचा शब्द 'बाप' होता.

काका श्वास भरून, तोंड उघडून थांबले होते. ओळ पुरी झाल्याशिवाय झीलकऱ्यानं सूर लावायचा नसतो. पेटी उचलणाऱ्यांनीही वाट पाहिली. मला ओळ पुरी करता आली नाही.