पोटातून काढलेले धागे

सफ्रू गावच्या जुन्या हम्मामात, म्हणजे सगळ्यांच्या गरम न्हाणीघरात, बुधवारची दुपार बायकांची. त्या बुधवारी तर पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या गार खोलीत नुसती गाठोडी पडलेली, कारण बायका सगळ्या आत. सगळ्यात आतल्या, सगळ्यात गरम खोलीत वाफेतून माना उंचावून त्या एकमेकींच्या ओल्या खांद्यांवरून बघत होत्या. मधोमध फरशीवर एक सात महिन्यांची पोटुशी उताणी पडली होती, आणि लल्ला तौरिया तिच्या पोटातून धागे काढत होती.

"बघा, जवळ येऊन बघा. फुकटात बघायला मिळतंय." लल्ला तौरियाने खरखरीत मोजा घातलेला हात वर केला. मोज्यावर करड्या, बारीक वळ्या जमल्या होत्या. "ही तिची नखं. मेली खोल रुतून बसली होती. मी बोलावलं तशी आली की नाही बाहेर?"

"आली, आली," चारपाच जणी एका सुरात म्हणाल्या.

'ती' म्हणजे ताबिआ, गरोदर बाईच्या पाठी लागणारी, पोटातली पोरं पळवणारी. पाण्याच्या जागी तिचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून सगळ्या 'ती'च म्हणत. पोटावर उठणाऱ्या लाल-जांभळ्या रेघा म्हणजे तिच्या नखांचे ओरखडे, असं लल्ला तौरियाचं सांगणं. ती स्वतःला एका वलीची, म्हणजे पीराची, पणती म्हणवायची. कुठला वली, ते मात्र दर दोन महिन्यांनी बदलायचं.

फरशीवर पडलेली पोटुशी म्हणजे रिहाब. डोळे घट्ट मिटून ती पडली होती. इतक्या जणी आपल्या उघड्या पोटाकडे बघताहेत, हे तिला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं.

पाचव्या महिन्यात बेंबीखाली पहिली रेघ उमटली. मग दोन, मग दहा. आता कमरेच्या दोन्ही बाजूंनी त्या बेंबीकडे चढत आल्या होत्या आणि खाजत होत्या. पण रेघांचं तिला एवढं काही नव्हतं. लल्ला तौरिया पहिल्याच भेटीत कानाशी लागून म्हणाली होती, "ती उगाच नाही येत, पोरी. हे लेकरू नको, असं ज्या आईच्या मनात एकदा तरी येऊन गेलं, तिच्याकडेच येते."

आणि रिहाबच्या मनात ते येऊन गेलं होतं. फेझ शहरातल्या शिवणशाळेत नाव लागलं त्याच आठवड्यात दिवस राहिल्याचं कळलं, आणि ती मोरीत उभी राहून मनाशी म्हणाली होती, आत्ता नको. कुणाला कळलं नव्हतं, नवऱ्याला, अझीझलाही नाही. आणि आता पोटच बोलत होतं, तेही लाल अक्षरांत.

मग ती तपासणीला गेलीच नाही. दवाखान्यात पोट उघडं करावं लागतं. अझीझपुढे ती पाठ करून कपडे बदलू लागली. तिची सासू महजूबा हिने एकदा ओझरतं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या नि साखरेची ढेप घेऊन लल्ला तौरियाच्या दारात जाऊन उभी राहिली. सात बुधवार घासायचं ठरलं. हा चौथा.

दरवेळी तेच. काळा साबण चोपडायचा, पोट लालबुंद होईपर्यंत घासायचं, रेघा दिसेनाशा झाल्या की बायकांनी अल्लाचं नाव घ्यायचं. मग मातीचा लेप आणि वर घट्ट पट्टा. "शुक्रवारपर्यंत सोडायचा नाही. कुणाला दाखवायचं नाही. दवाखान्यातल्या त्या सुईणीला तर मुळीच नाही, तिचा हात थंड आहे." शुक्रवारी पट्टा सोडावा तर रेघा जागच्या जागी. लल्ला तौरिया विचारायची, "कुणी पाहिलं?" कुणीतरी पाहिलेलं असायचंच. एकदा नवऱ्याने, एकदा शेजारणीने, मागच्या आठवड्यात तर मांजराने.

"ऊठ, कडेला बस," लल्ला तौरिया म्हणाली. "माती कालवून आणते. पोट झाकून ठेव."

रिहाब पंचा गुंडाळून भिंतीशी बसली. कान भणभणत होते. शेजारी एक जाडजूड बाई अंगावर पाणी ओतत होती. तिने मान न वळवता आपला मोजा मागे धरला.

"पाठ घासतेस का, लेकी? माझा हात नाही पोचत."

हम्मामात याला नाही म्हणत नाहीत. ओळख असो नसो, पाठ पुढे आली की घासायची. रिहाबने मोजा चढवला. दोनतीन हात फिरले असतील, आणि ती थांबली. मोज्याखालून वळ्या निघत होत्या. करड्या, बारीक, अगदी तशाच. आजवर किती पाठी घासल्या, पण वळ्यांकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"थांबलीस का?"

"तुम्ही... तुम्हालाही दिवस गेलेत का?"

पाठ गदगदून हसली. "या वयात? माझ्या नवऱ्याला नको सांगूस, घर सोडून पळेल." बाई वळली. दवाखान्यातली सुईण, बतूल. रिहाबने पंचा छातीपर्यंत ओढला.

"महजूबाची सून ना तू? पाचव्या महिन्यानंतर तोंड दाखवलं नाहीस. मला वाटलं, फेझला गेलीस शिवण शिकायला."

रिहाबचं लक्ष बतूलच्या पोटाकडे गेलं होतं. त्या सैल पोटावर रेघाच रेघा होत्या, पण चंदेरी, फिक्या, पाण्यावरच्या लाटांसारख्या. बतूल ते पोट उघडं टाकून आरामात मांडी घालून बसली होती.

"चार लेकरांचा नकाशा आहे," बतूल म्हणाली. "काय बघतेस?"

"तुम्ही काढून नाही घेतल्या?"

"कुणाकडून?" आणि मग बतूलला कळलं. तिने रिहाबच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुझे ओठ पांढरे पडलेत. चल, आधी गार खोलीत चल."

"लेप लावायचाय अजून."

"लेप पळून जात नाही. तू मात्र पडशील."

तिला धरून बतूल बाहेर निघाली, तशी महजूबा पाठोपाठ आली, महजूबाच्या मागून लल्ला तौरिया मातीचं भांडं घेऊन, आणि आता काहीतरी होणार म्हणून निम्मा हम्माम. बाहेर चटईवर रिहाबला बसवून बतूलने तिच्या तोंडात संत्र्याची फोड घातली.

"पट्टा बांधू दे आधी," लल्ला तौरिया म्हणाली. "वारा लागला तर माझी मेहनत मातीत."

रिहाबच्या मनात अजून त्या करड्या वळ्या होत्या. हातात बतूलचा मोजा तसाच होता. समोर सासूचे ओले पाय होते. सासूचे पाय चेपणं तर तिचं रोजचं काम. तिने महजूबाची नडगी धरली आणि मोजा फिरवला. वळ्या निघाल्या, पोटातून निघाल्या त्याहून जाड.

"सासूबाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या नडगीला कधी दिवस गेले होते?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या खोलीत ते पसरलं.

"ती घरभर फिरते," लल्ला तौरिया घाईघाईने म्हणाली. "सुनेची सासूला लागते."

"मग माझ्या पाठीला कुणाची लागली?" बतूलने विचारलं. "तो मळ आहे, बाई. मेलेली कातडी. गरम पाणी, साबण आणि मोजा, की वलीच्या अंगावरूनही निघेल."

"आणि रेघा? त्या गेल्या त्या? पन्नास जणींनी डोळ्यांनी पाहिलं."

"गेल्या का, ते बघू की. बसू इथेच."

आता सगळं रिहाबवर होतं. पंचा सोडायचा की नाही. तिचं तोंड लाजेने पोटापेक्षा लाल झालं. सासू बघत होती, शेजारणी बघत होत्या. तिने डोळे मिटले नाहीत. पंचा खाली टाकला.

पोट लालभडक होतं, एकही रेघ नव्हती. खिडकीतून वारा येत होता. कुणी हात लावत नव्हतं. बायका संत्री सोलत होत्या. दुसरं संत्रं संपता संपता पोटावरची लाली उतरू लागली, आणि बेंबीखाली पहिली रेघ दिसली. मग दुसरी. मग सगळ्या, आपापल्या जागी.

"कुठे गेल्याच नव्हत्या," रिहाब म्हणाली.

"कुठे जाणार?" बतूल म्हणाली. "घासून घासून सगळं पोट रेघांच्या रंगाचं केलं, वर आत अंधार आणि वाफ. लालात लाल लपलं. पट्ट्याखाली दरवेळी हेच होत होतं, म्हणून तर सोडायचा नव्हता."

"इतक्या डोळ्यांची नजर लागल्यावर काय होणार," लल्ला तौरिया पुटपुटली, पण तिचा हात मातीचं भांडं उचलत होता. ती निघाली तेव्हा कुणी तिची वाट अडवली नाही, कुणी थांबही म्हटलं नाही.

रिहाबला मात्र अजून एक विचारायचं होतं. ते तिने बतूलच्या कानात विचारायला हवं होतं, पण आवाज मोठा निघाला. "पण मला हे बाळ नको वाटलं होतं. सुरुवातीला. लल्ला तौरियाने कसं ओळखलं?"



"ओळखलं नाही. सगळ्यांना तेच सांगते," बतूल म्हणाली. "कारण सगळ्यांच्याच मनात कधी ना कधी येतं. चौथ्याच्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते. कातडीला मनातलं ऐकू येत नाही, लेकी. ती ताणली की आतून उसवते, एवढंच. तुझ्या आईला होत्या का रेघा?"

"माहीत नाही. तिने कधी दाखवलं नाही."

महजूबा इतका वेळ आपल्या नडगीकडे बघत बसली होती. ती खालमानेने म्हणाली, "मला अझीझ नको होता. घरात आधीच तिघं होती, आणि दुष्काळ. कुणाला बोलले नाही मी." मग जराशाने, "आता बरा आहे तो."

यावर कुणी हसलं नाही. दोघीतिघींनी मात्र आपले पंचे सैल केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिहाब दवाखान्यात गेली. टेबलावर पडून तिने झगा वर केला. बतूलने पोट मोजलं, बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. वाढलेला होता. दोन महिने कुणी पाहिलाच नव्हता. "वेळेवर आलीस," एवढंच ती म्हणाली, गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. रिहाबला पुन्हा लाज वाटली, पण ही लाज वेगळी होती. रेघा लपवता लपवता आपण बाळालाच दवाखान्यापासून लपवत होतो.

बायांनो, पोटावरच्या रेघा कुणाची नखं नाहीत आणि कुणाचं पाप नाहीत. काहींना उठतात, काहींना नाही, आणि ते बरंचसं आईकडून येतं. खाज सुटली तर साधं तेल लावा, त्याने बरं वाटेल. रेघा त्याने पुसल्या जाणार नाहीत, आणि पुसून देतो म्हणणाऱ्याचा कुठलंही मलम विचारल्याशिवाय पोटाला लावू नका. बाळंतपणानंतर वर्षा-दोन वर्षांत त्या आपोआप फिक्या होतात. कढत वाफेत फार वेळ बसू नका. तळहात-तळपायांना खाज सुटली, डोकं दुखलं, चेहरा सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पोट उघडं करायची लाज वाटत असेल तर वाटू द्या. तिच्यासकट जा.