मिनाजपेक्षा लहान नंबर

अम्मीचा, म्हणजे बेगमबीचा, डोळे उघडे असलेला फोटो अखेर निघाला आणि तो मिनाजनं काढला, हे ऐकून शाहिस्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भूममधल्या ओळखीच्या घरांत निकाह असला की बायकांच्या बाजूला फोटो काढायचे ते शाहिस्तानंच. तिच्या फ्लॅशपुढं कितीतरी नवऱ्या नटल्या, रडल्या. फक्त सख्ख्या आईचा फोटो तिला कधी जमला नाही. लख्ख झालं की अम्मीचे डोळे मिटलेले. आणि ही कालची भावजय! कॅमेरा धरायला शाहिस्तानंच शिकवलं तिला. तिनं डबीएवढी लेन्स आणली, फ्लॅश काढून ठेवला, आणि आता अम्मी तो फोटो गल्लीभर दाखवत सुटली होती.

पोटात दुखलं की माणूस ओवा खातो. शाहिस्तानं धाराशिवची एसटी धरली.

मिनाजची लेन्स तिथल्या अमरनाथच्या कॅमेऱ्यांच्या दुकानातूनच आली होती. "तिच्यापेक्षा मोठी द्या," शाहिस्ता त्याला म्हणाली.

"मोठी घेऊन काय करता ताई? खोलीत, फ्लॅशबिगर काढायचेत ना? मग लांबचं ओढणारी न्हाय, उजेड जास्त घेणारी पायजे. त्यांची एक पॉइंट आठची हाय. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त."

"मग मिनाजपेक्षा लहान नंबर द्या."

अमरनाथनं एक पॉइंट चारची काढली. किंमत ऐकून कुणीही दोनदा विचार केला असता. शाहिस्तानं एकदाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माहेरी गेली. अम्मी मधल्या खोलीत खिडकीपाशी डाळ पाखडत होती. शाहिस्तानं कमी उजेडासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला, श्वास रोखला, बटण दाबलं. डोळे मिटलेले.

"अम्मी, फ्लॅश न्हाय. बिनधास्त बघा इकडं."

"बघते की."

पुन्हा मिटलेले. तिसऱ्यांदाही तेच.

"मुद्दाम करता काय तुम्ही?" शाहिस्ता ओरडलीच.

बेगमबीनं सूप खाली ठेवलं. "मुद्दाम कशाला करू, बेटा? तू कॅमेरा उचललास की डोळे आपोआप मिटतात. लई वर्षांची सवय हाय ती. मिनाजची भीती वाटत न्हाय, इतकंच."

स्वयंपाकघराच्या दारातून मिनाजनं हळूच विचारलं, "आपा, मी काढू का?"

नाही म्हणावं, लेन्स विहिरीत टाकावी, असं शाहिस्ताला वाटलं. पण आईचा उघड्या डोळ्यांचा फोटो तिलाही हवाच होता. तिनं कॅमेरा दिला आणि बाजूला उभी राहिली.

अम्मीनं डोळे उघडेच ठेवले आणि थेट शाहिस्ताकडं पाहिलं. चिडलेल्या लेकीकडं आई बघते तसं, हसू दाबत. मिनाजनं नेमकं तेवढ्यात बटण दाबलं.

स्क्रीनवर अम्मीची एकेक पापणी दिसत होती. एवढी माया आपल्या एकाही फोटोत कधी उतरली नाही, हे शाहिस्ताला दिसलं.

"आपा, तुमची लेन्स लई भारी हाय," मिनाज अगदी मनापासून म्हणाली.

तेच तर शाहिस्ताला सोसेना.