दादाच्या गाड्यांना नवा रंग

"भाऊजी, हे बोलले!"

फोनवर वहिनी होत्या. पेंटरच्या एका हातात स्प्रे गन होती, मास्क हनुवटीवर ओढलेला आणि समोर एका मोटारीचं दार अर्धं रंगवून झालेलं. रंगाचा हात मध्येच थांबला की तिथे कड उमटते, म्हणून काम चालू असताना तो कुणाचाच फोन घेत नसे. वहिनींचा मात्र घ्यायचा. दादाचे डोळे गेल्यापासून त्या फोनची त्याला धास्तीच बसली होती.

"काय बोलला?"

"काय नाही बोलले ते विचारा! माळा आवरत होते, तर तुमच्या लहानपणच्या मोटारींचा डबा सापडला. टाकून द्यायच्या आधी विचारावं म्हणून मांडीवर नेऊन ठेवला, तर तेव्हापासून तोंडाला खळ नाही. ही कुणी आणली, ती कुठून पडली. मला स्वयंपाक सुचू देईनात. तुम्ही याच."

दादा बसचा ड्रायव्हर होता. काचबिंदूने नजर कडेकडेने खाल्ली आणि डेपोच्या तपासणीत ते कळलं तोवर फार उशीर झाला होता. घरी आला तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला. काठी आणून दिली, ती दाराआड उभी राहिली. फिरायला चला म्हटलं तर "कशाला?" वाढलेलं पान अर्धं तसंच. वहिनी म्हणायच्या, "घरात माणूस आहे की खांब, पाहुण्यांना सांगावं लागतं." हे त्या हसून म्हणत, पण पेंटरला पोचवायला आल्या की ते हसू दारापर्यंत टिकत नसे. असाच राहिला तर दादा हातचा जाईल, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

पेंटर दार पुरं करून निघाला. जाऊन बघतो तर खुर्ची रिकामी आणि दादा खाली फरशीवर पाय पसरून बसलेला. समोर मोटारींची रांग.

"कोण, तू? ये. बघून पाय टाक, डेपोत गर्दी आहे."

लहानपणी कॉटखालची जागा म्हणजे डेपो. खडूने आखलेला रस्ता तिथून निघायचा, आईच्या स्वयंपाकाच्या ओट्याखालून वळसा घ्यायचा आणि उंबऱ्याशी संपायचा. उंबऱ्यापलीकडे परगाव. दादा ड्रायव्हर, दादाच वाहतूक पोलीस आणि दंड करणारा साहेबही दादाच. धाकट्याच्या वाट्याला काय, तर वर्कशॉप. पडलेली, आपटलेली गाडी त्याच्याकडे यायची आणि तो तिला मावशीचं नेलपॉलिश लावून परत पाठवायचा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे नखांच्या रंगात दिसले.

गाड्या जमवणं हे दादाचं वेड. गल्लीतली पोरं आपसात अदलाबदल करायची, पण दादाचा कायदा कडक होता. घरात आलेली गाडी घरचीच, मोडली तरी द्यायची नाही. आत्या आली की एक गाडी आणायची, आणि तिला दर वेळी दुकानात तीच आवडायची. त्यामुळे एकसारख्या तीन निळ्या मोटारी घरात जमल्या आणि आत्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"ही पहिली निळी," दादा म्हणाला. अंगठ्याचं नख गाडीच्या टपावरून फिरत होतं. "गच्चीवरून पडलेली. ही दुसरी. हिच्यावर तुझा दात पडला. गाडीला नुसती खाच, दात मात्र गेला."

"आणि खापर माझ्यावरच."

"मग? गाडी तू चावत होतास. ही बघ, तुला गोवर झाला तेव्हा आईने उकळलेली बस. चाकं मऊ झाली होती. चार दिवस वाहतूक बंद."

दादा हसला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हातातलं काम टाकून ते हसू बघत उभ्या होत्या.

पेंटरचं मात्र ऐकण्याकडे अर्धंच लक्ष होतं. इतक्या वर्षांचा धंदा. गाडीवर पोचा दिसला की त्याचा हात शिवशिवतो. टपावर खड्डा, बंपर तुटका, रंगाचे पापुद्रे निघालेले. त्याला मनापासून लाज वाटली.

"दादा, नेऊ का मी या? जरा नीट करून आणतो."

"कशाला? बऱ्या आहेत की."

"बऱ्या कसल्या! गावच्या गाड्या चकाचक करतो नि घरच्या अशा? माझी अब्रू जाईल."

दादाने क्षणभर डबा मांडीशी धरून ठेवला. मग म्हणाला, "ने बाबा. वर्कशॉप तुझंच आहे."

पेंटरने त्या गाड्यांवर जेवढा जीव लावला तेवढा गॅरेजच्या शेटच्या गाडीवरही कधी लावला नव्हता. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पाण्याने पॉलिशपेपर मारला, प्रायमर दिला. तुटक्या बंपरची धारदार कड कानशीने घासून गोल केली. दिवे काडीच्या टोकाने रंगवले. बसला टेप लावून असा पट्टा ओढला की मेकॅनिक लोक हातातलं काम सोडून बघायला आले. स्वतः जन्मभर सायकलवर फिरणाऱ्या या माणसाच्या कपड्यांवर कायम दुसऱ्याच्या गाडीचा रंग असायचा. केलेलं काम ओळखू येऊ नये हेच त्याचं कसब. ठोकलेली गाडी ठोकलीच नव्हती असं वाटलं की पेंटर पास. आयुष्य असं खुणा बुजवण्यात गेलेलं. घरच्या माणसासाठी काही करायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

वहिनींचे मधून मधून फोन यायचे. "आटपा हो. रोज विचारतात, आला का, आला का. काल दाराशी जाऊन उभे राहिले."

शेवटी तो डबा घेऊन आला. दादाने ऐटीत हात पुढे केले.

पेंटरने पहिली निळी दिली. दादाचं नख टपावर गेलं आणि घसरलं. परत गेलं, परत घसरलं. त्याने गाडी उलटीसुलटी केली, खाली ठेवली, दुसरी मागितली. मग तिसरी. चेहरा हळूहळू मिटत गेला.

"छान झाल्यात," तो म्हणाला. "गुळगुळीत."

"बस बघ ना, पट्टा कसला आलाय—" पेंटर बोलून गेला आणि जीभ चावली.

"हो. छानच असणार. तुझा हात आहे." दादाने सगळ्या गाड्या डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. "वर ठेवायला सांग हिला."

मग तो उठला, चाचपडत खुर्चीत जाऊन बसला आणि तोंड खिडकीकडे केलं.

पेंटर स्वयंपाकघरात गेला. "वाईट वाटलं त्याला. रंग दिसत नाहीत ना."

वहिनींनी गॅस बंद केला. त्या चिडल्या होत्या आणि रडूही आवरत होत्या. "रंगाचं काय घेऊन बसलात? त्यांना खड्डे लागत होते. खड्ड्यावर नख गेलं की त्यांना गाडी ओळखू यायची, गाडी ओळखली की आई आठवायची, तुम्ही आठवायचे. तेवढंच वाचता येत होतं माणसाला. तुम्ही सगळं पुसून टाकलंत, भाऊजी."

 समोर बसून पेंटरने ते नख पाहिलं होतं, तरी त्याला फक्त पोचे दिसले होते. उपकार करायला गेलो आणि आंधळ्याच्या हातातली वाट काढून घेतली, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं. डबा माळ्यावर जाण्याआधीच त्याने तो उचलला आणि निघाला.

गॅरेजमध्ये त्याने रंग उतरवायचं औषध काढलं. रंग सुरकुतला, फुगला, निघाला. खालची लांबी मात्र चिवट. ती भरताना त्याने कसूर ठेवली नव्हती. सुईने, पात्याच्या टोकाने तो एकेक खड्डा कोरत बसला.

शेट मागे येऊन उभा राहिला. "पेंटर, लोक आपल्याकडे रंग लावायला येतात. काढायला नाही."

"घरचं काम आहे."

"मग लावलास कशाला?"

"अक्कल गेली होती चरायला," पेंटर म्हणाला. शेट हसला आणि निघून गेला. पेंटरला हसू आलं नाही. कानशीने घासलेला बंपर आता कुठल्याही औषधाने परत येणार नव्हता.

तो परत गेला तेव्हा दादा खुर्चीतच होता. "परत आणल्यास? आता काय लावलंस?"

"काही नाही लावलं. हात लावून तर बघ."

दादाने नाइलाजाने हात पुढे केला. नख टपावर गेलं आणि अडकलं. तो थांबला. पुन्हा एकदा नख फिरवलं, मग सावकाश खुर्चीतून उतरून खाली बसला.

"गच्ची," तो म्हणाला.

दुसरी. "तुझा दात." बस आली तेव्हा चाकांना बोट लागताच तो हसला. वहिनी येऊन भिंतीशी टेकल्या.

घासलेल्या बंपरची मोटार त्याच्या हातात बराच वेळ राहिली. "ही कुठली रे?"

"ती... तिसरी निळी."

"असेल." त्याने ती बाजूला ठेवली, रांगेत नाही. पेंटरने मान खाली घातली.

मग तळाशी राहिलेली एक छोटी गाडी दादाच्या हाताला लागली. तिचं एक दार आत दबलेलं होतं. दादाचा चेहरा उजळला.

"ही पिवळी! बाबांनी आणलेली. ही तुझ्या जन्माच्याही आधीची. हिच्यावर त्यांचाच पाय पडला आणि दिवसभर माझ्याशी नजर मिळवेनात." त्याने गाडी गालाला लावून पाहिली. "असा पिवळा मी नंतर कुठे बघितला नाही. अजून आहे का रे तिचा रंग?"

पेंटरने पाहिलं. दादाच्या तळहातावर राखाडी, उघड्या धातूची गाडी होती. एका ठिपक्याएवढाही रंग तिच्यावर उरला नव्हता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"आहे की," पेंटर म्हणाला. "जसाच्या तसा."

"मग नीट ठेव. खरवडला जाईल."

पेंटरने खिशातलं मऊ फडकं काढलं, गाडी त्यात गुंडाळली आणि डब्याच्या एका कोपऱ्यात, बाकीच्या गाड्यांचा धक्का लागणार नाही अशी ठेवली.