नव्वद दिवसांची परवानगी

“बाई, इथं विचारून राह्यले, तिथं कोणाच्या घरी उतरणार?” मयुरीनं कीबोर्डवरचे हात थांबवून विचारलं.

“लेकाच्या. आणखी कोणाच्या?” बनाबाई म्हणाली आणि मांडीवरची पासपोर्टची पिशवी उगाच सरळ केली.

अमडापूरच्या बाजारगल्लीतलं मयुरीचं ऑनलाइन कामाचं दुकान एवढुसं. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. तिथं सातबारे निघायचे, जातीचे दाखले निघायचे. केनियाला जाणारं गिऱ्हाईक मयुरी पहिल्यांदाच पाहत होती, आणि तेही कोण, तर जिच्या अंगणवाडीत तिनं लहानपणी खिचडी खाल्ली ती बनाबाई.

केनियाला व्हिसा लागत नाही, हे गेल्या महिन्यात कळलं तेव्हा बनाबाई काय हरखली होती! तिचा लेक संघर्ष नैरोबीत नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच. व्हिसा नाही म्हणजे थैली उचलायची आणि निघायचं, सुलतानपूरच्या बहिणीकडं जावं तसं, असंच ती धरून चालली. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घातल्या, मुगाच्या वड्या वाळवल्या, आणि बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी थैलीत तळाशी ठेवली. लेकाच्या घरात एकदा बसून वंदना घ्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. मग फोनवर संघर्ष म्हणाला,

“आई, व्हिसा नाही लागत, पण निघायच्या आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. फार कटकटीचं आहे. पुढच्या वर्षी बघू.”

कटकटीचं म्हणे! जिनं तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली, गावातल्या लेकरालेकराचं वजन लिहून ठेवलं, तिला हा फॉर्मचा धाक दाखवत होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती मयुरीच्या दुकानात हजर.

“नुसतं लेकाच्या घरी म्हणून नाही चालत,” मयुरी म्हणाली. “त्याचं पत्र लागते. बाई माह्याकडं येऊन राह्यल्या म्हणून. पत्ता, तारखा, सगळं.”

“म्हंजे आईले येऊ द्या, असं पोरानं लिहून द्या लागते?”

“तसंच समजा.”

“बरं हाय बाई या लोकायचं!” बनाबाईला हसू आवरेना.

तिच्या घरात पाहुण्याला ‘किती दिवस राहणार’ असं कधी कोणी विचारलं नव्हतं. उलट तो निघाला की त्याची थैली लपवायची रीत. संघर्ष तर या कामात वस्ताद. बनाबाईची आई आली, की तिची थैली तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत टाकायचा, झाकण लावायचा आणि कोठीला पाठ लावून बसायचा. “माही एसटी चुकोली रे या मुडद्यानं!” म्हणून म्हातारी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, आणि खुशाल आणखी चार दिवस राहायची.

तिनं दुकानातूनच संघर्षला फोन लावला.

“पत्र धाड बापा. बाकी सगळं भरलं मयुरीनं.”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“पाठवतो, आई.”

पत्र चौथ्या दिवशी आलं. इंग्रजीत होतं. मयुरीनं ते आधी मनातल्या मनात वाचलं, आणि बाईंकडं न बघता म्हणाली,

“पाच रात्री लिहिल्या त्यानं.”

“पाच?”

“हाव. बारा तारखेपासून सतरापर्यंत.”

“एवढ्या दूर जाऊन पाचच? बरं, अन् घर कुठं हाय त्याचं?”

मयुरी खुर्चीत जरा सावरून बसली. “घराचा पत्ता नाही, बाई. लॉजचा हाय. चांगली हाय पण. फोटो दाखवू का?”

पडद्यावर पांढऱ्याशुभ्र चादरीचा एक पलंग आला, शेजारी टेबलावर फुलं. बनाबाईनं तो फोटो नीट पाहिला. काहीतरी घोटाळा झाला असेल, असं म्हणून ती दुकानाबाहेर गेली आणि तिनं फोन लावला.

“आई, घरी मनालीचे आई-पप्पा आहेत ना,” संघर्ष म्हणाला. “दोनच खोल्या आहेत. तुलाच अवघडल्यासारखं होईल. लॉज अगदी पाच मिनिटांवर आहे. ऑफिस सुटलं की मी रोज येत जाईन तुझ्याकडं.”

“कधी आले ते?”

“झाले दोनेक महिने.”

“मंग मी ते गेल्यावर येतो.”

“त्यांचं काही ठरलेलं नाहीये, आई.”

बनाबाई मनाला लावून घेत नाही, असं सगळं गाव म्हणतं. पण तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सून मनाली वाईट नव्हती, तिचे आई-बापही वाईट नव्हते, आणि लेकावर चिडावं तर तो किती मऊ बोलत होता! समोरून किराणावाला दोनदा “जय भीम बाई” म्हणाला, तेही तिच्या कानावर गेलं नाही.

“मंग? फॉर्म पाठवू का थांबू?” ती आत आल्यावर मयुरीनं विचारलं.

“पाठव. भरलेला फॉर्म काऊन वाया घालवतं?”

तीन दिवसांनी मयुरी कागद घेऊन स्वतःच तिच्या घरी आली. चप्पल दारात कशीबशी काढून म्हणाली, “बाई, आली! परवानगी आली! अन् पाहा, नव्वद दिवस राहता येते म्हणते.”

“नव्वद?”

“हाव. लॉजवाले पाच राहू द्या की पन्नास, सरकारचं काही म्हणणं नाही.”

बनाबाई कागद घेऊन उजेडात गेली. इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत तिनं तो नव्वदचा आकडा शोधून काढला. ज्या देशात तिला कोणी ओळखत नव्हतं, त्यानं तिला सबंध तीन महिने दिले होते. तिनं मयुरीला चहा दिला. थैलीतल्या बिबड्यांचं पुडकं काढून तिच्या हातात ठेवलं.

“अवं बाई, ह्या तर संघर्षसाठी होत्या ना?”

“लय झाल्या. तू खाय.”

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर संघर्षचा फोन आला. त्याच्या मागं मोठ्यानं टीव्ही चालला होता आणि कोणी पुरुषमाणूस खो खो हसत होता.

“आई, परवानगीचं काय झालं? तिकीट काढायचं थांबलंय.”

कागद बाजेवर तिच्या समोरच होता.

“नाही आली रे बापा.”

“नाही आली? नाकारली का?”

“काय माहीत. काही चुकलं असन माह्याकडून. वय झालं ना आता.”

तीस वर्षांत तिच्या रजिस्टरात एक नोंद चुकली नव्हती. हे संघर्षलाही ठाऊक होतं. पण त्यानं सोडलेला श्वास तिला इतक्या लांबून ऐकू आला.

“मी म्हटलं होतं ना तुले,” तो म्हणाला. किती दिवसांनी तो असा घरच्यासारखा बोलला होता! “लय कटकटीचं काम असते ते. जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू.”

“हाव. पुढच्या वर्षी. जेवला का तू?”

“जेवलो. तू?”

“मीबी.”

बनाबाईनं फोन ठेवला. मग तिनं कागदाची घडी केली आणि पांढऱ्या साडीच्या पोटात घातली. थैली अजून दारामागंच उभी होती. संध्याकाळी शेजारची मनकर्णाबाई येईल, थैली पाहील आणि विचारेल, कधी निघतं म्हणून. बनाबाईनं थैली उचलली आणि मागच्या खोलीत गेली. कोठीत तळाला थोडी ज्वारी होती. तिनं थैली आत सोडली, वर झाकण लावलं, आणि कोठीला पाठ लावून खाली बसली.