काट्याखालचा कोपरा

शेवटचा काटा दाबताना नख कापल्यावर येतो एवढासाच आवाज आला आणि कारागिराचा हात जागच्या जागी थांबला. त्याने भिंग डोळ्याशी आणखी घट्ट धरलं. चौकोनी हिऱ्याचा एक कोपरा उडाला होता.

लाखेत रोवलेली अंगठी त्याने उजेडाकडे वळवली, पुन्हा वळवली. गेलेला तुकडा मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असेल नसेल. पण त्याच्याबरोबर हिऱ्यातला काळा ठिपकाही गेला होता, आणि ठिपक्यासकटचा तो हिरा त्याच्या स्वतःच्या मुलीने पसंत केला होता.

तीन आठवड्यांपूर्वी पेढीच्या मालकाने तिच्यापुढे पाच हिरे मांडले तेव्हा कारागीर मागच्या खोलीतलं काम सोडून बाहेर येऊन उभा राहिला होता. होणारा जावई घड्याळं दुरुस्त करायचा. स्वतःचं भिंग खिशात घालूनच आला होता. त्याने सगळ्यांत स्वच्छ हिरा तिच्यापुढे सरकवला. मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची. तिने पाचही हिरे पाहिले आणि नेमका कोपऱ्यात काळा ठिपका असलेला उचलला.

“अगं, डाग आहे त्यात,” घड्याळजी म्हणाला.

“म्हणूनच. स्वच्छ हिरे सगळे एकासारखे एक. हा हजारांत मिसळला तरी माझा म्हणून ओळखता येईल मला.”

मग ती बापाकडे वळली. ती त्याला पुरती ओळखून होती.

“बाबा, ठिपका काट्याखाली घालायचा नाही हं. दिसला पाहिजे.”

“नाही घालत,” तो म्हणाला होता.

हिऱ्याला चारी कोपऱ्यांनी धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या चिमुकल्या नखांना कारखान्यात काटे म्हणतात. हिऱ्यात कुठे डाग असला तर हिरा असा फिरवायचा की एखादा काटा बरोबर डागावर यावा, हा या धंद्यातला पहिला धडा. एकतीस वर्षं कारागीर तेच करत आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आजचा काटा निव्वळ सवयीने तिथे गेला असं म्हणायलाही त्याला तोंड नव्हतं. काटा जरासा बारीक ठेवला असता तर ठिपका उघडा राहत होता, हे त्याला दिसलं होतं. तेवढ्यात मनात आलं, आयुष्यभर लोकांचे डाग झाकले आणि माझ्याच पोरीच्या बोटात डागी हिरा? चारचौघं काय म्हणतील? म्हणून त्याने काटा रुंद केला आणि नीट बसावा म्हणून जरा जोर लावला. डागाचा कोपरा कच्चा असतो, तिथे हलक्या हाताने काम करायचं असतं, हे काल कामाला लागलेल्यालाही सांगावं लागत नाही.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारचा पॉलिशवाला यंत्रावर वाकला होता. कारागिराने काट्यावर आणखी थोडं सोनं चढवलं, तुटका कोपरा झाकला, कानस फिरवली. काम सुरेख झालं. इतकं सुरेख, की त्याची त्यालाच शरम वाटली.

शनिवारी घड्याळजी अंगठी न्यायला आला. मालकाने डबी उघडून दिली. त्याने सवयीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि अंगठी वरून, बाजूने, खालून पाहिली. त्याला बराच वेळ लागला. मागच्या दारात उभा असलेला कारागीर त्या भिंगाकडे बघत राहिला.

“छान बसवलाय, काका,” घड्याळजी म्हणाला आणि त्याने डबी मिटली.

कारागिराचा जीव भांड्यात पडला. रविवारी दोन्हीकडची मोजकी माणसं जमली, अंगठी बोटात गेली, फोटो निघाले. जो तो मुलीचा हात हातात घेऊन हिरा पाहत होता आणि बापाच्या हाताला हुन्नर आहे असं म्हणत होता. कारागीर मान खाली घालून हसत होता. लोकांना तो विनय वाटला.

मंगळवारपासून घरात फोन वाजू लागला आणि मुलगी तो उचलेना. घरात माणसं दोनच. एकाने फोन उचलला नाही की दुसऱ्याला ते ऐकू येतंच. चोराच्या मनात चांदणं. एकदा पडद्यावरचं घड्याळजीचं नाव त्याने चोरून पाहिलं. अंगठी तिच्या बोटातून निघून कपाटावरच्या वाटीत गेली, तेही पाहिलं. नव्या माणसांत रुसवेफुगवे व्हायचेच, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि ती खरी नाही हे ठाऊक असूनही त्याच समजुतीवर तो तीन रात्री झोपला.

शुक्रवारी संध्याकाळी तो मटार सोलत बसला असताना मुलगी वाटी घेऊन आली. सालींच्या कागदावर तिने अंगठी ठेवली.

“मी ही परत देणार आहे.”

“का गं?”

“तुम्हाला माहीत नाही?” ती समोर बसली. “सोमवारी सहज भिंग लावून पाहिलं. ठिपका नाही. म्हटलं बाबांनी शेवटी काट्याखाली घातलाच. मग खालून पाहिलं. तरी नाही. मंगळवारी त्याला विचारलं, तर म्हणाला, हिरा मीच बदलून घेतला. डागी नको वाटला म्हणून.”

कारागिराच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“असं म्हणाला तो?”

“सरळ. मान खाली घालून. मला न विचारता, बाबा. हिरा जाऊ दे खड्ड्यात. आज हिरा बदलला, उद्या माझी नोकरी त्याला नको वाटेल, परवा माझं बोलणं. आणि तुम्ही सामील त्याला. बदललेला हिरा हातात आल्यावर तुम्हाला कळलं नसेल, असं सांगू नका मला.”

‘हो’ म्हटलं की सुटका होती. पोरगी थोडी रुसली असती, बापावर किती दिवस रुसणार? ठरलेलं लग्न मोडलं असतं. पण ते त्याच्या नावावर नाही, घड्याळजीच्या नावावर मोडलं असतं. ते भिंग किती वेळ डोळ्याला होतं, हे कारागिराला आता आठवलं. ज्या माणसाला घड्याळाच्या चाकाचा झिजलेला दाता दिसतो, त्याला हिऱ्याचा तुटका कोपरा दिसणार नाही होय?

“हिरा तोच आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“कोपरा तुटलाय. माझ्या हातून. ठिपका त्या तुकड्याबरोबर गेला. वर जाड काटा आहे ना, तो त्यासाठीच.” त्याने अंगठीकडे बोट केलं, पण तिला हात लावला नाही. “तू नको म्हणाली होतीस आणि मी तेच करायला गेलो. लोक काय म्हणतील म्हणून. मग झाकून टाकलं.”

मुलीने अंगठी उचलली, काट्यावरून नख फिरवलं.

“त्याला ठाऊक होतं?”

“त्याने नीट पाहिलं होतं. मला बोलला नाही काही.”

“चार दिवस मी त्याचा फोन उचलत नव्हते. तुम्हाला दिसत होतं?”

“दिसत होतं.”

यावर ती रडली असती, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त दोनतीनदा मान हलवली. छापखान्यात एखादं पान पुन्हा जुळवायला पाठवताना हलवत असेल तशी.

“उद्या मी जातो त्याच्या दुकानात,” कारागीर म्हणाला. “पाय धरतो त्याचे.”

“नाही जायचं.”

“अगं, पण...”

“तुमची मान खाली जाऊ नये म्हणून तो माझ्याशी खोटं बोलला. त्यापायी मलाही गमवायला तयार झाला. आता तुम्ही जाऊन सगळं त्याच्यासमोर मांडलंत, तर त्याने केलेल्याचं काय राहिलं? आयुष्यभर तुम्ही दोघं एकमेकांसमोर अवघडून बसाल.” तिने अंगठी बोटात घातली. “मला कळलंय, हे त्याला कळू द्यायचं नाही. मी त्याला माफ करणार आहे.”

“त्याने न केलेल्याबद्दल?”

“हो. तुम्ही गप्प राहायचं. चार दिवस राहिलात ना? तसंच.”

ती आत गेली. मटार अर्धेच सोलून झाले होते. ते त्याने एकेक करून संपवले, कारण उठून जायचं कुठे हे त्याला सुचेना.

रविवारी सकाळी घड्याळजी आला. दाढी केलेली, पण चार दिवसांत गाल बसलेले. दारातच उभा राहून म्हणाला, “चुकलं माझं. विचारायला हवं होतं तुला.”

“हवंच होतं,” मुलगी म्हणाली. “यापुढे विचारत जा.”

तिने हात पुढे केला. बोटातली अंगठी त्याला दिसली आणि त्याला हसावं की काय करावं ते कळेना. त्याने तिचा हात क्षणभर धरला, मग घरात वडीलधारं माणूस आहे हे आठवून सोडला आणि कारागिराकडे वळला.

“काका, तुमचीही माफी मागतो. माझ्यापायी तुम्हालाही ऐकून घ्यावं लागलं असेल.”

कारागिराने मुलीकडे पाहिलं. ती चहा ठेवायला गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्याच्याकडेच बघत होती. खरं बोलायला तीनच शब्द पुरले असते, आणि ते त्याच्या ओठांवर होते.

“असू दे,” तो म्हणाला. “होते चूक माणसाच्या हातून. मनाला लावून घेऊ नकोस.”

“तुमचं मन मोठं आहे, काका.”

घड्याळजी हे अगदी मनापासून म्हणाला. कारागीर उठला आणि त्याने आपली खुर्ची त्याला बसायला दिली.